विमानाचा पल्ला

चौकात बसवलेल्या जुन्या लढाऊ विमानाचा माहितीफलक निदाने लिहायला घेतला. मूळ तांत्रिक पुस्तिका शोधून तिने एकेक आकडा पडताळला. मजकूर बघून समितीचे अध्यक्ष सुर्वे हिरमुसले.

“भरल्या टाकीत एवढंच जायचं होय? चिपळूणच्या विमानाच्या फलकावर जास्त लिहिलंय. शंभरेक किलोमीटर वाढवा की.”

“एकही वाढणार नाही.”

“मॅडम, रत्नागिरीच्या इभ्रतीचा प्रश्न आहे.”

“माझ्या अब्बांच्याही. असंच विमान मोहिमेवरून परत आणताना इंधन संपलं, म्हणून त्यांनी पॅराशूट घेऊन समुद्रात उडी टाकली. अब्बा जाईपर्यंत गाव म्हणत होतं, पोचण्याइतकं इंधन होतं, हाच घाबरला. तुमचे शंभर किलोमीटर वाढले, की गाव खरं ठरतं.”