मीठ बेतशीर

लीनानं मिठाचा डबा उघडला, क्षणभर बघितलं, आणि झाकण लावून परत फळीवर ठेवला. आज येसराची आमटी अळणीच जाणार. जाऊ दे. होऊ दे एकदाचा बोभाटा.

बाहेर हॉलमध्ये तिच्या नवऱ्याचा, मार्तंडसरांचा, वर्ग भरला होता. सावेडीतल्या घरी दर रविवारी ते खाद्यलेखन शिकवायचे. शेवगावहून, कर्जतहून माणसं वह्या घेऊन यायची. सरांचं वर्तमानपत्रातलं सदर जिल्हाभर वाचलं जायचं. आणि या सरांना कोरोना झाल्यापासून चवच लागत नव्हती. तिखट नाही, आंबट नाही, खारट नाही. वासही गेलेला. डॉक्टर झाले, काढे झाले, उपयोग शून्य. घराबाहेर हे कोणाला ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून लीना चाखायची आणि सांगायची, सर लिहायचे. येसराचं पीठ जरा जास्त भाजलं की आमटीचा कडवटपणा जिभेच्या मागं रेंगाळतो, हे तिनं भांडी विसळताना सांगितलेलं वाक्य. छापून आलं सरांच्या नावावर. तिनं सोसलं. माणसाचा जीव लिहिण्यात अडकलाय, म्हणून सोसलं. पण काल त्या सदराच्या पुस्तकाची पानं तपासायला आली. तिनं पहिलंच पान उघडलं तर त्यावर अर्पणपत्रिका: ‘माझ्या चोखंदळ जिभेस.’

कोणाच्या जिभेस? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “माझं नाव घाला त्यात,” ती म्हणाली. सर हसले. म्हणाले, “घरातल्या गोष्टी कोणी छापतं का?” आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. नागोबा निदान गप्प तरी बसतो.

सर स्वयंपाकघरात आले. “सांग चटकन, कशी झालीये?”

“आज तुमचं तुम्ही बघा.”

“अगं, बाहेर माणसं बसलीत.”

“बसू देत की.”

रुसलीये, असं समजून सर गेले. तिच्या हातची आमटी आजवर कधी बिघडली नव्हती. त्या भरवशावर ते पानावर बसले. पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि वर्गाला म्हणाले, “मीठ बघा. बेतशीर. आता जेवा आणि जे जिभेला लागेल ते लिहा.”

लीना दारात उभी राहिली. आता कोणीतरी ‘काकू, जरा मीठ द्या’ म्हणणार, सरांचं पितळ उघडं पडणार. माणसं जेवली. भुरके मारले. तोंडं वाकडी झाली, लेखण्या मात्र सरळ चालल्या. मग वाचन सुरू झालं. बँकेतून निवृत्त झालेल्या सुहासरावांनी मिठावर एक परिच्छेद वाचला. भार्गवी शिक्षिका होती, तिनं तर ‘मिठाचा असा तोल संसारात हवा’ इथपर्यंत मजल मारली. लीना ऐकत होती आणि पेटत होती. एकाला नाही का जीभ? सरांची गेली, ती आजारानं. यांची कशानं गेली?

शेवटी तिसगावची निकिता उठली. शेतकऱ्याची पोर, एसटी बदलत यायची. मागच्या रविवारी तिनं कॉलेजच्या मेसमधल्या पाणचट डाळीवर लिहिलं होतं आणि सरांनी ते पान सगळ्यांदेखत फाडलं होतं.

“आमटी अळणी हाय,” तिनं वाचलं. “मीठ घालायचं राह्यलंय, आन् कुनी बोलंना.”

सरांचा आवाज चढला. “अन्नाला नावं ठेवायची नाहीत, हे मागच्या वेळी सांगितलं होतं. आपण इथं लेख लिहितो, तक्रारअर्ज नाही. पुढच्या रविवारपासून येऊ नकोस तू.”

निकितानं वही पिशवीत घातली. आता मात्र लीना पुढं आली.

“तिचं खरं आहे. पण मीठ चुकून राहिलं नाही. मी घातलंच नाही.”

सरांचा चेहरा पांढरा पडला. आणि मग सुहासरावांनी मांडीवर थाप मारली. “म्हणजे सरांनी आपली परीक्षा घेतली. खरं कोण लिहितं ते बघायला.”

भार्गवीनं टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. सरांनी एकदा लीनाकडे पाहिलं, एकदा वर्गाकडे. त्यांचा रंग परत आला.

“उशिरा का होईना, ओळखलंत,” ते म्हणाले. “आजचा धडा हाच होता. बस निकिता, तू पास.”

लीनाच्या कानात टाळ्या घुमत राहिल्या. तिचे शब्द घेतले, तिची जीभ घेतली, आता तिचा रागही याच्याच नावावर जमा. ती आत गेली. आमटीचं पातेलं आणि मिठाचा डबा आणून सरांच्या पुढ्यात आदळला.

“धडा अर्धाच झालाय. आता तुम्ही मीठ घाला. चाखत चाखत, बेतशीर होईपर्यंत. सगळे लिहून घेतील.”

वह्या उघडल्या. सरांनी आयुष्यात कधी आमटीत मीठ घातलं नव्हतं. त्यांनी एक चमचा घातला, ढवळलं, घोट घेतला. परत घातला, परत घोट घेतला. कपाळावर घाम आला. वर्ग पेनं सरसावून बसला होता.

“झालं का गं?” त्यांनी हळूच विचारलं. स्वयंपाकघरात विचारायचे तसंच. हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं.

“मला काय विचारता? चव तुम्हाला लागते ना?”

सरांनी चमचा खाली ठेवला.

“नाही लागत,” ते म्हणाले.