ओंडक्यावरचा ताल

थोरल्याने रागाच्या भरात धाकट्याच्या डोक्यात मागून दोन किलोचं वजन घातलं, त्याला चार महिने झाले. धाकटा मटणाच्या दुकानात पाय घसरून पडला, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. धाकट्याला त्यातलं काहीच आठवत नव्हतं.

"लहान मेंदूला मार लागलाय," डॉक्टर म्हणाले होते. "अंगात ताकद आहे, पण हात कुठे थांबवायचा ते कळत नाही. रोजचं काम करू द्या."

म्हणून धाकटा पुन्हा ओंडक्यावर मटण तोडू लागला. सत्तूर हाडाजवळ आला की हात थरथरायचा आणि घाव भलतीकडेच पडायचा. दोन बोटांची टोकं अशीच गेली होती. प्रत्येक घावाला थोरला डोळे मिटून घ्यायचा.

आज तो एका बाईंचं मटण तोलायला पाठमोरा वळला आणि मागून आवाज आला. खट. खट. खट. एका मापाचा, अगदी पूर्वीसारखा.

त्याने वळून पाहिलं. धाकट्याचा हात लटपटत होता.

"काय झालं, दादा?"

"काही नाही."

तो पुन्हा तराजूकडे वळला. खट. खट. खट.

"धाकट्याचा हात बसला की पुन्हा," बाई कौतुकाने म्हणाल्या. मग त्यांची नजर थोरल्याच्या खांद्यावरून मागे गेली, आणि त्या दोन पावलं मागे सरल्या.

आवाज थांबला होता. थोरल्याच्या हातात तेच दोन किलोचं वजन होतं.

त्याच्या कवटीच्या मागे, बरोबर त्याच जागी, काहीतरी गार येऊन टेकलं. ते जराही थरथरत नव्हतं.