तोड्याची चौथी बंदूक

"पुन्हा तुम्ही?" तोगावांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"पुन्हा मीच," म्हणत हातादाबाईंनी जांभळ्या कापडात गुंडाळलेलं लांबलचक गाठोडं टेबलावर ठेवलं.

ओत्सू शहरातल्या सरकारी कचेरीत जुन्या बंदुका तपासायचा दिवस होता. कुणाच्या माळ्यावर, कोठारात बंदूक सापडली की आधी पोलिसांत वर्दी द्यायची, मग ती इथं आणायची. अस्सल जुनी, पेटत्या वातीनं उडणारी तोड्याची निघाली तर दाखला, नाहीतर थेट मोडीत. त्यात सेइजी तोगावांचा शब्द शेवटचा. वय अडुसष्ट, घरी एकटेच.

या वर्षातली बाईंची ही चौथी बंदूक.

तोगावांनी बांबूच्या खुंट्या काढून नळी लाकडापासून सोडवली. मागचं मळसूत्री बूच फिरवून आत दिवा धरला. तोडा पकडणारा पितळी चाप वर-खाली करून पाहिला. नळीच्या पोटाशी कोरलेली अक्षरं अजून स्पष्ट होती.

"कुनितोमो गावच्या लोहाराची. दोनशे वर्षांची तरी असेल. नंतर कुणी हात लावलेला नाही. झालं काम."

"एवढ्यात?" बाईंचा चेहरा उतरला. "नीट बघा हो. गेल्या वेळी चांगला तासभर घेतलात."

"गेल्या वेळी गंज होता."

"हिलाही असेल की कुठंतरी!"

दाखला मिळाला की लोक हरखून जातात. या बाई खट्टू झाल्या होत्या. तोगावांना ते खटकलं. त्यांनी जुने कागद चाळले. पहिली बंदूक बाईंच्या मेव्हण्याची, दुसरी देवळाच्या पुजाऱ्याची, तिसरी शेजाऱ्याची, आणि ही दारू गाळणाऱ्या मोरिओकाची. चारही संमतीपत्रं बाईंच्याच अक्षरात.

म्हाताऱ्यांच्या माळ्यावरचा माल स्वस्तात उचलणारे दलाल त्यांनी पुष्कळ पाहिले होते. या बाई त्यातल्या निघाव्यात याचं त्यांना फार वाईट वाटलं. का, ते त्यांनाही कळेना.

"हातादासान, स्पष्टच विचारतो. तुम्ही बंदुकांची दलाली करता?"

"मी? अहो, मला फटाक्याचीसुद्धा भीती वाटते!"

"मग हौस आहे?"

"डोंबलाची हौस! हे धूड मांडीवर घेऊन दीड तास बसमध्ये बसते. अख्खी बस हसते."

"मालकांना स्वतः येता येत नाही?"

"ते तयारच असतात. मीच येऊ देत नाही. ही सापडावी म्हणून मोरिओकांच्या कोठारात तीन दिवस झाडू मारलाय मी."

तोगावा चक्रावले. त्यांचा आवाज चढला. मागच्या रांगेनं कान टवकारले.

"बंदूक तुमची नाही, धंदा नाही, हौस नाही! मग दर वेळी बंदूकच का घेऊन येता?"

बाई कानापर्यंत लाल झाल्या.

"मग काय आणू? तुम्ही दुसरं काही तपासतच नाही!"