थेट उल्कावर्षाव

टेकडीवर पाऊस कोसळत होता. कॅमेऱ्यावर छत्री धरून कॅमेरामन स्वतः नखशिखांत भिजला होता. मोबाइलवर बघतो तर त्याच्याच वाहिनीवर उल्कावर्षाव ‘थेट’ सुरू! चित्रण त्यानेच गेल्या वर्षी केलेलं. तो भडकला. त्याने संपादकांना फोन लावला.

“साहेब, ही चक्क धूळफेक आहे!”

“लोकांना काय कळतंय? तू तिथेच थांब.”

फोन ठेवतो न ठेवतो तोच आईचा आला. “काय सुंदर दाखवतोयस रे! आमच्याकडे नुसती झड लागलीये.”

“आई, ते गेल्या वर्षीचं आहे. इथेही पाऊसच आहे. लोकांना फसवतायत सगळे!”

आई कडाडली, “लोकांचं राहू दे! मेल्यांनी तुला भिजत कशाला ठेवलंय?”