पुढची सीट

चॅसिस नंबरमधलं ते अक्षर आठ आहे की बी, हे ब्रेकबाईंना काही केल्या कळेना. स्कूलच्या नव्या गाडीच्या पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, डॅशबोर्डच्या कडेला नंबराची बारीक पट्टी होती. त्यांनी रुमालाने काच पुसली, बॉनेटवर ओणवं होऊन पाहिलं आणि बी समजून मोबाइलमध्ये टाकलं. अशी गाडी आढळली नाही, असं आलं. मग आठ टाकला.

आढळली. पुढच्या दोन्ही एअरबॅग सदोष. दुरुस्ती मोफत. दुरुस्ती अद्याप झालेली नाही. आणि त्याखाली: मागच्या वर्षापासून मालकाला तीनदा कळवलं आहे.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांना सगळे ब्रेकबाई म्हणत. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं आणि आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून त्याला सांभाळायचं, यात त्यांचा दिवस जाई. काल शिकायला येणाऱ्या नर्सने जाता जाता सांगितलं होतं, "मॅडम, कंपनीच्या साइटवर नंबर टाकून बघा एकदा. माझीही गाडी ह्याच मॉडेलची आहे, तिच्यात निघालाय दोष. धडक बसली की एअरबॅग फुगायच्या ऐवजी फुटते. पत्र्याचे तुकडे तोंडावर येतात. आमच्या वॉर्डात आहे एक जण."

मालक आत पंख्याखाली बसून लायसन्सच्या अर्जांवर फोटो चिकटवत होते. ब्रेकबाईंनी मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला.

"हे तुम्हाला माहीत होतं?"

मालकांनी वाचल्यासारखं केलं. "आलं होतं काहीतरी. कंपन्यांची नाटकं असतात हो. एकदा गाडी आत घेतली की आणखी चार कामं काढतात."

"फुकट आहे, असं लिहिलंय."

"फुकट आहे. पण तुमच्या बाजूचा ब्रेक न् क्लच आपण बाहेरून बसवून घेतलाय. वर्कशॉपवाले ते बघून बोंब मारतील, काढा म्हणतील. मग शिकवायचं कशावर?"

घोडं इथे पेंड खात होतं तर.

"आणि धडक झाली म्हणजे? मागच्या आठवड्यात एकाने ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला. खांब हातभर राहिला होता."

"राहिला ना? मग झालं तर. त्यासाठीच तर तुम्हाला तिथे बसवलंय." मालकांनी पुढचा फोटो उचलला.

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला खाली काय चाललंय ते कशाला दिसेल? ब्रेकबाई काही बोलणार, एवढ्यात मालकांची मुलगी दारात आली.

"मॅडम, निघायचं? खटारा चालू करून ठेवलाय."

खटारा म्हणजे स्कूलची जुनी गाडी. काचा हाताने फिरवायच्या, एअरबॅगचा तर पत्ताच नाही. मुलगी त्याच गाडीवर शिकेल, असा मालकांचा हुकूम होता. लाड नकोत, खटाऱ्यावर हात बसला की कुठलीही गाडी चालवता येते, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. ब्रेकबाईंना त्याचं कौतुक वाटे. घरी सासूबाईंनाही त्यांनी सांगितलं होतं, की माणूस कसाही असो, पोरीला शेफारून ठेवलेली नाही.

"आज नवीच घेऊ," ब्रेकबाई म्हणाल्या. "क्लच हलका आहे. तुलाही बरं पडेल."

"नको." मालक अर्धवट उठले. "ती नको. तिला जुनीच घेऊन जा."

फोटो टेबलावरून खाली पडला. कोणी उचलला नाही.

ब्रेकबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. ती नर्स कार्टं, बाहेर बाकावर बसलेले सगळे कार्टी. आणि ज्यांच्या पायावर हे दुकान उभं होतं, त्या ब्रेकबाई तर कुणाच्या खिजगणतीतही नव्हत्या.

"वर्षभर," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला. "माहीत असून वर्षभर मला तिथे बसवलंत. माझ्याही घरी पोरी आहेत, साहेब. त्यांनाही आई लागते. तोंडासकट लागते."

"हळू बोला. बाहेर माणसं बसलीत."

"ऐकू दे त्यांना. तीही पुढेच बसतात."

मुलीने ब्रेकबाईंच्या हातातला मोबाइल घेतला. वाचून झाल्यावर बापाकडे पाहिलं. "म्हणून मला खटारा होय, पप्पा?"

"तसं नाही गं बाळा."

"मग कसं?"

बाहेर बाकावरून एक जण उठून दाराशी आला, त्याच्यामागे दुसरा. मालकांनी दोन्ही हात वर केले, जणू सगळ्यांवर उपकारच करत होते. "बरं बाई. आजच करून घेऊ दुरुस्त. आणि ते बाहेरून बसवलेलं काढायला लागलं तर काढू. झालं समाधान?"

ब्रेकबाईंनी खिशातून नव्या गाडीची चावी काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"वर्कशॉप चौकाच्या पलीकडेच आहे. सरळ रस्ता. तुम्हीच घेऊन जा."

मालकांनी चावीकडे पाहिलं. मग खिडकीतून गाडीकडे पाहिलं. सकाळीच धुतलेली, चकचकीत, दारावर त्यांचंच नाव. त्यांचा हात चावीपर्यंत गेला आणि तिथूनच फोनकडे वळला.

"क्रेन मागवतो," ते म्हणाले. "उचलून नेतील. उगाच जोखीम कशाला घ्यायची?"