मुलं नसलेलं बेट

कपाटात चमचा पडला.

इमारतीच्या अध्यक्षकाकूंनी चहाचा कप ओठांपाशीच थांबवला. "काय वाजलं गं?"

"फळी सैल झालीय, काकू. भांडी कोंबलीयत नुसती," ती म्हणाली.

भिंतीतल्या त्या कपाटात भांडी नव्हती. खाऊचा डबा मांडीवर घेऊन तिची पाच वर्षांची लेक बसली होती. या इमारतीत मुलांना बंदी होती. लेक सापडली तर घर सोडावं लागलं असतं, आणि लेकुरवाळ्यांना या शहरात दुसरं कुणी दारात उभं करत नव्हतं.

काकूंची बेल वाजली की लेक कपाटात शिरायची. तिला गप्प बसवायला आईनं एका खलाशाची गोष्ट रचली होती. गलबत फुटून तो एका बेटावर पोचतो. घरं लख्ख, बागेत एक फूल तुटलेलं नाही, आणि मूल औषधालाही नाही. कधीतरी तिथल्या सभेत कुणीसं म्हणालं होतं, पोरं म्हणजे कटकट. मग प्रत्येकानं शेजाऱ्याकडे बघून हात वर केला होता.

तिला फारसं रचावं लागलंच नव्हतं. इमारतीच्या गेल्या सभेत नियम आणखी कडक झाला, तेव्हा सगळ्यांचे हात वर होते. तिचाही. खाली ठेवला असता तर माना वळल्या असत्या.

काकू उठल्या. त्यांच्या बाहीवर निळा फराटा होता. तिची नजर तिथे गेलेली पाहून त्या म्हणाल्या, "गच्चीवरची टाकी रंगवतायत. मेलं निघता निघत नाही."

भिंतीपलीकडे त्यांचा रेडिओ नेहमीसारखा ठणाणत होता.

"आवाजाचा त्रास नाही ना होत?"

"छे हो, उलट सोबत होते."

खरंच होत होती. त्या आवाजात लेकीची बडबड बुडून जायची.

काकूंनी कपाटाच्या कडीला हात घातला. "बघू तरी तुझी फळी."

"अंगावर येईल सगळं, काकू."

"माझ्या अंगावर काय काय आलंय, तुला नाही ठाऊक."

कडी अर्धी सरकली.

पलीकडे रेडिओ गाण्याच्या मध्येच बंद झाला.

काकूंचा हात तिथेच थांबला. "अगंबाई, गॅसवर दूध ठेवलंय मी." चहा तसाच टाकून त्या निघाल्या. दारातून म्हणाल्या, "फळी ठोकून घे हो. लोकांचे कान फार तिखट असतात."

दार लागलं. तिनं कपाट उघडलं. लेक मागच्या फळीला कान लावून बसली होती. मुठीत निळा मेणाचा खडू होता.

"हा कुठला? आपल्याकडे नव्हता."

"दादानं दिला. फटीतून."

"कोण दादा?"

"काकूंचा नातू. काकू आपल्याकडे आल्या की तो त्याच्या कपाटात बसतो. मी त्याला खलाशाची गोष्ट सांगते. मघाशी रेडिओ त्यानंच बंद केला." लेकीनं आवाज आणखी बारीक केला. "तो म्हणतो, बेटावर सगळ्यांच्याच कपाटात मुलं असणार. मग आई, हात वर कुणी केले?"