एकटीची खोली

जेबा क्लासमध्ये पहिली आली. अभ्यासात कुणाची लुडबुड नको म्हणून दयानंद सरांनी तिला लातूरच्या हॉस्टेलात एकटीची खोली दिली. आधीच्या खोलीतल्या पुनमसोबतच्या गप्पा सुटल्या, एका ताटातलं जेवण सुटलं. दिवाळीपर्यंत पोरगी पार सुकली. एक ताप गेला की दुसरा हजर.

एकदा जीवशास्त्राच्या तासाला सरांनी विचारलं, "डासाच्या पोटात राहणारे सोबती जिवाणू काढून टाकले तर काय होतं?"

वर्गात फक्त जेबाचा हात वर गेला. "सर, त्याची प्रतिकारशक्ती ढासळते. येईल तो रोग मग अंगात घर करतो."

सरांनी खूश होऊन लगेच तिच्या अब्बांना फोन लावला.



"चांदपाशाभाई, पोरीला एकटं ठेवल्याचा लई फायदा होऊन राहिला."